सोमवारचा डबा

लातूर
२९ जुलै २०२५

ती. आईस,
अंजूचा शि. सा. न. वि. वि.

हॉस्टेलच्या बाईंनी फोन काढून घेतले आहेत. रविवारी तेवढा देतात आणि समोर बसून ऐकतात, म्हणून डब्याबरोबर चिठ्ठ्या. चंद्रप्पा कंडक्टरांना सांग, डबा आडवा ठेवू नका. मागच्या वेळी तुझं पत्र माझ्याआधी वरणानं वाचलं.

काल श्रावणातला पहिला सोमवार. कॉलेजच्या फुटबॉल संघात माझी निवड व्हावी म्हणून आप्पांनी नवस बोललाय ना, श्रावणाचे सगळे सोमवार अंजू निर्जळी धरील म्हणून? तो पाळला. संध्याकाळच्या सरावात दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गोलपोस्टजवळच आडवी झाले. आमच्या कोच अंबिका मॅडमनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि सगळ्या पोरींसमोर झापलं, की रिकाम्या पोटी पळणारी पोरगी मला नको. ते पाणी नवसात धरायचं की नाही, ते देवानं ठरवावं.

निवड ११ ऑगस्टला आहे. कॅलेंडर बघ, सोमवारच आहे. संघात आले तर खेळाच्या कोट्यातून कॉलेजचा प्रवेश पक्का. नाही आले तर नांदेडला परत, आणि मग आप्पा उदगीरच्या स्थळाचं बोलणं पुढे नेणार. म्हणून आत्ताच सांगते, त्या सोमवारी मी जेवणार आहे.

लोभ आहे तो सोमवारीही असू दे.

तुझी,
अंजू

नांदेड
२ ऑगस्ट २०२५

चि. अंजूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तू पडलीस हे वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. आप्पांच्या कानावर घातलं, तर ते ताटावरून उठले. म्हणाले, नातीच्या खेळासाठी या वयात देवापुढं नाक घासलं, अन् हिला एक दिस भूक मारता येत न्हाई? नेम मोडायचा असंल तर बिस्तरा बांधून पहिल्या गाडीनं घरी यावं म्हणावं.

बाई, त्यांचा तुझ्यावर लई जीव आहे. भावकीनं तोंडं वाकडी केली तरी तुझे बूट त्यांनीच घेऊन दिले. एका दिवसाचा तर प्रश्न. मी या घरात आल्यापासून श्रावणातला सोमवार चुकवला नाही. तू पोटात होतीस तेव्हाही नाही. घेरी येऊन चुलीपाशी पडले, पण नेम मोडला नाही. मला कुठं काय झालं?

भिजवलेले हरभरे आणि शेंगदाण्याचे लाडू पाठवले आहेत. सराव झाला की लगेच खात जा. मल्लू विचारतो, ताईच्या मांड्या पैलवानासारख्या झाल्या का. तुझ्या सलवारी उसवायच्या का, तेही कळव.

रागावू नकोस, माया आटवू नकोस.

तुझी,
आई

लातूर
६ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
शि. सा. न.

पोटात असतानाच मला उपाशी ठेवलं होतंस, हे आज कळलं. आधी हसू आलं, मग रागानं रडू आलं. तुला काय झालं म्हणून विचारतेस? तू चुलीपाशी पडलीस, आई. कोणी उचललं, ते मात्र लिहिलं नाहीस.

आप्पांना माझा शरणार्थ नमस्कार सांग आणि पुढचं मोठ्यानं वाचून दाखव. आप्पा, नवस तुम्ही बोललात, पोट माझं. मल्लूच्या क्रिकेटसाठीही तुम्हीच बोलला होतात. तो आईनं फेडला आणि मल्लू त्या दिवशी भज्यांवर ताव मारत होता. देवाशी माझं भांडण नाही. परवाचा सोमवारही मी धरला. अकराला मात्र सकाळी आंघोळ करून लिंगपूजा करीन आणि मग जेवीन. वैरण न घालता तुम्ही कधी बैल औताला जुंपलात का?

मॅडमनी अंडी सुचवली होती, मी नको म्हटलं. हरभरे, सोयाबीन, दही, भाकरी यांवरच मांड्या कमावल्यात. सलवारी खुशाल उसव. बिस्तरा बांधायची वेळ आलीच तर बांधीन, पण भरल्या पोटी. डबा आला नाही तर मेसमध्ये खाईन.

माझ्यावरची माया उपाशी ठेवू नकोस.

तुझी हट्टी,
अंजू

नांदेड
११ ऑगस्ट २०२५, सोमवार

चि. अंजूस,
अनेक आशीर्वाद, आणि आज एक जास्तीचा.

काल धपाटे, दही आणि गूळ-शेंगदाणे आप्पांच्या देखत बांधले. त्याआधी तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं, बैलाचंही. मल्लूनं मान खाली घातली. आप्पा नुसते चष्मा पुसत बसले.

आज सकाळी, तू मैदानावर जायच्या वेळेला, मी पूजा केली, ताट वाढून घेतलं आणि आत नाही, बैठकीत आप्पांच्या समोर जाऊन बसले. भाकरी मोडली. आप्पा उठले. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. ते स्वयंपाकघरात गेले, जिथं त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही, आणि दह्याचं भांडं आणून माझ्या ताटाशी ठेवलं. म्हणाले, नवस म्या बोललो हाय, म्याच फेडतो. तू जेव.

चार वाजता मॅडमचा फोन आला. तू संघात आलीस! मी रडले, मल्लू नाचला. आप्पांनी आनंदाच्या भरात पेढे आणि तांब्याभर पाणी मागितलं. मी म्हटलं, पेढे आणते, पण दिवस मावळायला अवकाश आहे आणि नवस तुमचा आहे.

ते खाली बसले. ओठ सुकले होते. मग त्यांनी मला विचारलं, पोरी, तू पोटुशी असताना अख्खा दिस कसा काढलास गं?

मी सांगितलं, अजून एक सोमवार उरलाय मामंजी, हळूहळू कळेल.

आहेस तशीच राहा.

पोटभर जेवलेली,
तुझी आई