कमळाच्या अंगठ्यालगतची सुपारी

५ जानेवारी १९५७
संक्रांतीनंतरच्या रविवारी आलापल्लीला सुतार-लाकूडतोड्यांचा अवजारांचा मेळावा. शेवटी सुपारीचा खेळ असतो. सागाच्या ओंडक्यावर मिस्त्रीच्या घरच्याच माणसाने पाय ठेवायचा, पायाच्या अंगठ्यालगत सुपारी, आणि कुऱ्हाडीच्या एका घावात ती फोडायची. घरचंच माणूस, कारण परक्याच्या पायाची एवढी काळजी कोण करतो. बाबा आईचा पाय ठेवून फोडत. दोघं गेल्यापासून आमचं घर खेळात नाही. आज इसरू मिस्त्रीच्या ओट्यावर चहा पिता पिता सांगून टाकलं, यंदा मी फोडणार. रक्तातच आहे. उद्यापासून सराव.

६ जानेवारी
सराव नाही. डोकं दुखतं.

८ जानेवारी
बायकोला सांगितलं. वाटलं, कमळा रडेल, नको म्हणेल, आणि मी तिच्याखातर माघार घेईन. ती म्हणाली, "ठेवीन ना पाय. काऊन भेऊ? कुऱ्हाड तुमच्याच हाती हाये ना." आणि वांगी चिरायला बसली. बायका पुढचा विचार करत नाहीत.

१० जानेवारी
सराव. अंगठा म्हणून गाजर ठेवलं, शेजारी सुपारी. सुपारी शाबूत. गाजराचे दोन तुकडे. कमळाने तेच भाजीत घातले. मला जेवण गेलं नाही. गाजर फार जाड होतं.

१२ जानेवारी
इसरूला सहज विचारलं, आजवर कोणाचा अंगठा गेला का. म्हणाला, "एकाच्या बायकोचा गेला भाऊ. अजून बोलत नाई ते त्याच्याशी." मी हसलो. घरी येताना दोनदा वाट चुकलो. उन्हामुळे असेल.

१४ जानेवारी, संक्रांत
कमळा राख लावून जोडवी घासत बसली होती. "सारे लोक पायाकडंच पाह्यतीन," म्हणाली. मी परसात जाऊन उभा राहिलो. अंधार पडेपर्यंत आत गेलो नाही. तिळगूळ जास्त झाला.

१७ जानेवारी
उपाय सापडला. कुऱ्हाडीची धार विटेवर घासून पार घालवली. आता पेरूही कापला जाणार नाही. सुपारी फुटणार नाही, उडून जाईल. मी म्हणेन, ओली होती. अंगठा मात्र राहील. अशी डोकी आमच्या धंद्यात थोडी. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१९ जानेवारी
कुऱ्हाड जागेवर नव्हती. सगळं परस धुंडाळलं. कमळाने जळण फोडायला नेली होती म्हणे. धार गेल्याचं तिला काय कळणार.

२० जानेवारी, आलापल्ली, संध्याकाळ
फुटली. बरोबर मधोमध. कमळाचा अंगठा जागच्या जागी. कुऱ्हाड बोथट म्हणून मी निर्धास्त होतो, हात जरासुद्धा हलला नाही. लोकांनी उचलून घेतलं. बोथट कुऱ्हाडीने फोडली, बाबांनाही जमलं नसतं. इसरूला बाजूला घेऊन धार दाखवावी म्हणून तिच्यावरून बोट फिरवलं. उजव्या हाताचा अंगठा. रक्त थांबत नाही. हे डाव्या हाताने लिहितोय.

२२ जानेवारी, अजून डाव्या हातानेच
घरी परतताना मोटारीत कमळाने सांगितलं. जळण फोडताना घाव घसरला, तिच्या नडगीजवळून गेला. "बोथट कुऱ्हाड घसरते, सुताराच्या घरात हे कोणाले माहीत नाई? इसरूभाऊकडून धार लावून आणली." मला का नाही सांगितलं, विचारलं. "सांगतलं असतं तं तुम्ही भ्याले असते."
तू भ्याली नाहीस का, विचारलं.
"लय भ्याली."
मग पाय का ठेवलास?
"तुम्ही गावभर सांगून आले होते ना."
तिचा पाय पाहत बसलो. पाचही बोटं.

२३ जानेवारी
कमळा दुपारी इसरूच्या ओट्यावर जाऊन आली. पुढच्या वर्षी सुपारी ती फोडणार, असं सगळ्यांना सांगून. पाय घरच्या माणसाचा लागतो.
घरात माणसं दोनच.