तुरीच्या गाठीतल्या जिवाणूला आजीचे नाव न देण्याबाबत

मी, पौर्णिमा बापूराव थूल, वय अठ्ठावीस, राहणार पिपरी मेघे, वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेले नाही. येत्या गुरुवारी नागपूरला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. धोका शंभरात दोन, असे डॉक्टर म्हणाले. मी तीनदा विचारले. बुद्धी ठिकाणावर आहे. काळजी करणे हा माझा जुना स्वभाव आहे, तो आजारात धरू नये.

१. घर वडिलांचे आहे, ते देण्याचा मला अधिकार नाही. बँकेतली शिल्लक आई सरिता हिला. स्कूटी भाऊ रत्नदीप याला. मागचा ब्रेक उशिरा लागतो, तो आधी दुरुस्त करावा.

२. माझे भिंग आजी धुरपता हिला. मी पाच वर्षांची असताना आंजी गावच्या शेतात तिने तुरीचे झाड उपटले आणि मुळावरची गाठ नखाने फोडून दाखवली: "आतून लाल हाय त जित्ती, हिरवी हाय त मेली." माझे पुढचे सगळे शिक्षण त्या गाठीतल्या जिवाणूवर झाले.

३. त्या जिवाणूच्या नळ्या प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये आहेत. त्या संस्थेच्या, म्हणून कोणाला देता येत नाहीत. माझ्या शोधनिबंधात त्याचे वर्गीकरण असे दिले आहे: संघ स्यूडोमोनॅडोटा, वर्ग अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया, प्रजाती ब्रॅडिरायझोबियम. इथवर बरोबर आहे. पुढे ही नवी जाती म्हणून तिला आजीच्या नावावरून नाव दिले आहे. ते चूक आहे. निबंध पाठवल्यानंतर मी संपूर्ण जनुकसंचाची तुलना केली. आधीच नाव असलेल्या एका जातीशी साम्य ९७.८ टक्के निघाले. शहाण्णवच्या वर गेले की जाती तीच धरतात, आणि जुने नावच चालते.

माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना आकडा दाखवला. ते म्हणाले, "परीक्षकानं मागितलं त पाहू. तू काऊन आपल्याच पायावर धोंडा पाडून राह्यली?" त्यांचा मला राग आहे. सूक्ष्मदर्शक धरायला त्यांनीच शिकवले, हेही इथे नोंदवते.

आजीला सांगायला चार दिवस लावले. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "त्याले पह्यलेच नाव हाय ना? मंग माहं काऊन चिपकवतं? मले राशन कार्डावरचं पुरते."

४. माझ्या मृत्यूनंतर रत्नदीपने सोबतचे पत्र नियतकालिकाच्या संपादकांना पाठवून निबंध मागे घ्यावा.

५. कलम ४ रद्द. साक्षीसाठी आलेले शेजारी मधुकरराव, निवृत्त तलाठी, यांनी वरचे वाचून विचारले, "पोरी, पत्र तयार हाय, तू इथंच बसली हायस. मंग रत्नदीपच्या मागं काऊन लावतं?" मार्गदर्शकांना तोंड द्यावे लागू नये, हेच खरे कारण होते. पत्र मी मधुकररावांसमोर ११ वाजून ४० मिनिटांनी पाठवले, प्रत मार्गदर्शकांना. यामुळे पदवी लांबेल, कदाचित मिळणार नाही. मार्गदर्शकांचा फोन दोनदा आला. दुसऱ्यांदा उचलला.

वरील खाडाखोडीसह सर्व मजकूर मला मान्य आहे.

पौर्णिमा बा. थूल

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१) मधुकरराव ढोले, पिपरी मेघे
२) गुंजन वासेकर, वर्धा

पिपरी मेघे, सोमवार, ८ डिसेंबर २०२५