खिळ्यांचा डबा

बाळ्या,

काल पुन्हा तेच. भाजीत मीठ कमी, म्हणून बायकोच्या अंगावर ओरडलास. दुकानात गिऱ्हाईक तीच खुर्ची तीनदा परत आणतं, त्याला मात्र हसून चहा पाजतोस. तेव्हा राग आवरत नाही, हे मला सांगू नकोस.

तू दार फोडायचंस, सकाळी रंधा मारून नव्यासारखं करायचंस, आणि आम्ही तीच माफी समजायची. काल तू नुसता आवाज चढवलास, तर तुझी लेक खिळ्यांचा डबा घेऊन पुढ्यात येऊन उभी राहिली. अजून काही मोडलंही नव्हतं रे!

दोघींना घेऊन मावशीकडे चालले आहे. न्यायला येऊ नकोस. जेवण झाकून ठेवलंय. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, राग चढायच्या आधी जबडा आवळतो, तेव्हाच उठून बाहेर पडायचं, हे शिकवता येतं. बुधवारी तुझं नाव लावलंय. लाज वाटली तरी जा.

तू झोपला होतास तेव्हा उशाशी उभी राहून मोठ्याने बोलले. ऐकलं नसशील तर वाच: "तू माझ्या पोटचा आहेस, तुला टाकणार नाही. पण तुला भिऊन जगायला ही पोर इथे ठेवणार नाही."