टाचेची जागा

॥ श्री ॥
मोरा, उरण
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. अंकुर यास,

अनेक आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, एरवी या खेपेला अर्धासुद्धा द्यावासा वाटत नाही.

मी तुला ब्लॉक केलंय हे कळलं असेलच. पत्र लिहायचं कारण, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी तोंड उघडलं की तुझं सुरू होतं, ताई टेन्शन नको घेऊ, ताई शांत हो. कागदाला मधे बोलता येत नाही. रबाळ्याला कामावर जाताना भावेश एक स्टेशन आधी, घणसोलीला उतरून हे तुला देईल. त्याने आधीच सांगून ठेवलंय की बहीणभावाच्या भांडणात तो फक्त पोस्टमन, नवरा नाही आणि भावोजीही नाही. तेव्हा त्याच्यावर ओरडू नकोस.

काल त्याने तू पाठवलेले फोटो दाखवले. बाबांच्या बुलेटच्या इंजिनाचे पार्ट भट्टीत भाजून काळं कोटिंग करून आणलेस. काय ती चमक! समोर बसून टिकली लावावी. आणि ती चमक बघून माझं डोकं सणकलं. डाव्या कव्हरवरची ती जागा कुठे गेली रे?

तुला किती वेळा सांगितलं होतं? इंजिन खोल, नवीन पार्ट टाक, काय वाटेल ते कर, पण ती जागा तशीच ठेव. बाबांची टाच घासून घासून पुरीएवढा रंग गेला होता आणि आतलं पांढरं उघडं पडलं होतं. सिग्नलला थांबले की टाच तिथे, चढावर टाच तिथे. मला गाडी शिकवली तेव्हा पहिला धडा क्लचचा नव्हता. टाच इथे टेकव म्हणजे भीती जाते, असं म्हणाले होते. मी आठवीत होते आणि जयदेवची पोरगी बुलेटवर बसलीय म्हणून अर्धं गाव ओट्यावर येऊन बघत होतं.

त्यांना जाऊन अजून वर्ष नाही झालं. त्यांचे कपडे तू वाटून टाकलेस. पलंग भाडेकरूला दिलास. खोली रंगवलीस, तीही कसल्या त्या दवाखान्याच्या रंगात. मी गप्प बसले, म्हटलं घरात तू राहतोस. त्यांचं अंग लागलेली एक जागा उरली होती, ती तू भट्टीत घातलीस. मेल्या, तुला काहीच वाटलं नाही?

आणि मला येडी समजू नकोस. तुला बुलेट चालवता येत नाही. किक उलटी येऊन तुझी नडगी फुटली होती, तेव्हा हळद मीच दाबली होती. मग ही पॉलिश कोणासाठी चाललीय? रविवारी पाम बीच रोडवर मिरवणाऱ्या कुठल्या टॉवरवाल्यासाठी? ही गाडी रुतिकाची, असं बाबा सगळ्यांसमोर बोलले होते आणि तूही तिथेच उभा होतास. विकायची असेल तर तोंडावर सांग. आणि विकलीस तर पुढच्या भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नकोस. नुसती धमकी समजू नकोस ही.

लोभ ठेवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

ताई (रुतिका)

॥ श्री ॥
घणसोली गाव
गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४

ति. ताईस,

सा. न. वि. वि. विनंती एकच, शेवटपर्यंत वाच, मधेच फाडू नकोस.

तू मला मेल्या म्हणालीस, चालेल, लहानपणापासून म्हणतेस. पण एवढ्या मोठ्या पत्रात एकदा तरी विचारायचंस की अंकुर, झालं काय? नाही. थेट निकाल.

आता ऐक. खाऱ्या हवेने त्या कव्हरला जागोजागी फोड आले होते. तसंच ठेवलं असतं तर एक पावसाळा काढला नसता. म्हणून बाकीच्या पार्टबरोबर रबाळ्याच्या कोटिंगवाल्याकडे दिलं. पण त्या जागेवर मी स्वतः कागदी पट्टी चिकटवली, एकावर एक, आणि त्याला बजावलं की इथे रंगाची पावडर मारायची नाही. त्याने मान हलवली. पण पावडर मारायच्या आधी जुना रंग काढायला मशीनने वाळूचा मारा करतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या माऱ्यापुढे गंज टिकत नाही, कागदाची पट्टी काय टिकणार! ती उडाली, आतल्या कारागिराला सपाट कव्हर दिसलं, त्याने पावडर मारून भट्टीत टाकलं.

मी आणायला गेलो तेव्हा तिथेच राडा केला. रिक्षावाल्याशीसुद्धा न भांडणारा तुझा भाऊ त्याच्या कॉलरला हात घालायला निघाला होता. तो मला वर समजावतो, की साहेब डाग होता तो गेला, लोक आमच्याकडे त्यासाठीच येतात. डाग म्हणाला तो! मी बाहेर येऊन त्या कंपन्यांच्या रस्त्यावर फुटपाथला बसलो आणि रडलो. हे तुला सांगणार नव्हतो. वर त्या कोटिंगवाल्याने मलाच विचारलं होतं, की त्या जागेच्या कडेला एवढे रंग कसले होते, काळ्याखाली निळा, मग हिरवा, परत निळा, असे पापुद्रे निघाले. मला काय माहीत कसले!

आता कपड्यांचं. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू रविवारी यायचीस, मोसंबी आणायचीस, डॉक्टरला काय विचारायचं ते मला शिकवायचीस आणि संध्याकाळी जायचीस. बाकीचे सगळे वार माझे होते. त्या पलंगावर बाबांची पाठ मी पुसली. त्यांचा शर्ट काखेत फाडून मी घातला, कारण हात वर होत नव्हता. ते शर्ट मी कपाटात ठेवून रोज बघायचे होते का? खोलीला दवाखान्याचा रंग लागला म्हणतेस. अगं, त्याआधी ती खोलीच दवाखाना झाली होती. वस्तू जपून ठेव हे तुला सांगता येतं, कारण तुला त्यांच्यात झोपावं लागत नाही.

आणि विकणार म्हणे! ताई, ती गाडी मी तुझ्यासाठी करत होतो. वर्षश्राद्ध झालं की मोऱ्याला आणून तुझ्या दारात उभी करायची आणि तुझं तोंड बघायचं, एवढंच डोक्यात होतं. सरप्राईज होतं. गेलं खड्ड्यात. आता देतच नाही. इंजिन जोडतो, वरून ताडपत्री टाकतो आणि घरामागे उभी करतो. चमकणारी गाडी तुला बघवत नाही ना? मग गंजू दे. पूर्ण गंजली की तुझ्या मनासारखी होईल, तेव्हा कळवीन.

लोभाचं तू ठरवणार म्हणालीस. माझंही अजून ठरलेलं नाही.

तुझा,
अंकुर

॥ एकवीरा आई प्रसन्न ॥
मोरा
८ डिसेंबर २०२४

चि. अंकुर यास,

बायजा आत्याचा आशीर्वाद. ही माजी नात हेतल लिवते, मी बोलते. (आजी बोलते तसंच लिहिलंय, सुधारलं की ओरडते. – हेतल)

तुमचा दोगांचा काय तमाशा चाललाय रे? बापसाचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं आनि तुमी पत्रं लिवता? तुजी भैन येऊन माज्या ओट्यावर रडते. जावई तुजी चिट्टी खिशात घालून गुमान फिरत व्हता, बायकोला द्यायची हिंमत नाय. मीच खेचून घेतली, हेतलनी वाचून दाखवली, मंग रुतिकाला दिली. दोगांची पत्रं ऐकली आनि मना एकच कललं, की दोगं बी बिनडोक हाव.

कसली बापसाची आठवन आनि कसलं काय! अरे, तुज्या बापसाला ती जागा डोल्यासमोर नको व्हती. दर दसऱ्याच्या आदल्या दिशी जयदेव माज्याकडं यायचा. आमच्या होडीला लावून उरलेला रंग डब्याच्या बुडाला असायचा, तो खरवडायचा आनि त्या कव्हरला फासायचा. निला असंल तर निला, हिरवा असंल तर हिरवा, वरून काला. आनि फासताना शिव्या! कव्हरला शिव्या, बुटाला शिव्या, रंगाला शिव्या, मधेच मना बी एकादी. दिवालीपर्यंत पन तो रंग टिकाचा नाय. परत पांढरं बाहेर. मी बोलायची, अरे टाच उचलून चालव ना. तर माज्यावरच उखडायचा, बोलायचा, गाडी माजी, टाच माजी, तू तुजी मासली विक. घरी नाय रंगवाचा, कारन तुजी आयस हसाची त्याला. म्हनून तुमा पोरांना पत्ता नाय. त्या रबाल्याच्या मानसाला जे पापुद्रे दिसले, तो माज्या होडीचा रंग हाय.

जे त्याला जलमभर जमलं नाय, ते तू करून आनलंस. तो असता ना, तर ते कव्हर बगलेत मारून सगल्या घनसोलीला दाखवत फिरला असता. आनि ही त्याची पोरगी त्याच्यासाठी भांडते!

रुतिकाला हेच तोंडावर सांगितलं. आधी माज्यावरच भडकली, बोलली आत्या तू खोटं बोलतेस. मंग मी तिला ओटीखाली पडलेला जुना ब्रश दाखवला, निल्या रंगानी कडक झालेला. ती उठली आनि चालती झाली, चा पन नाय प्याली. जाऊ दे. तिला राग कोनाचा आलाय ते तिलाच कलत नाय. तुजा नाय तो, एवढं मना कलतं. बाप मेल्याचा राग हाय तो, तुलाबी तोच आलाय. पन बाप तर समोर नाय, मंग धरा एकमेकांची मानगूट.

वर्षश्राद्ध झालं की गाडी हितं आन. ताडपत्री टाकलीस तर मी सोता घनसोलीला येईन आनि तुज्या भाडेकरूंसमोर तुजा कान पिलीन. सुकट पाठवली हाय, रागात असलास तरी खा.

आशीर्वाद दिला हाय, पन तो गाडी आल्यावर लागू.

तुजी आत्या,
बायजा

॥ श्री ॥
घणसोली गाव
रविवार, २६ जानेवारी २०२५

ति. ताईस,

सा. न. वि. वि. वर्षश्राद्धाला तू आलीस, पिंडाला कावळा शिवेपर्यंत माझ्या शेजारी उभी राहिलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. मीही बोललो नाही. बरं झालं, बोललो असतो तर कावळाही उडून गेला असता.

गाडी टेम्पोतून पाठवतोय, हे पत्र सीटखाली आहे. माझा राग गेलेला नाही. आत्याच्या धाकाने पाठवली असं समज. इंजिन एका किकमध्ये सुरू होतं, म्हणजे तुझ्या, माझ्या नाही. कोटिंग बरीच वर्षं टिकेल असं तो माणूस म्हणालाय. फक्त डाव्या कव्हरला बूट घासू नका, घासला तर माझ्याकडे यायचं नाही, हेही म्हणालाय. तेव्हा टाच उचलून चालव.

भावोजींची पोस्टमनगिरी संपव आणि मला अनब्लॉक कर. लोभ परत सुरू करायचा विचार आहे, तुझं बघ.

तुझा,
अंकुर

॥ श्री ॥
मोरा, उरण
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

चि. अंकुर यास,

अनेक आशीर्वाद, या खेपेला हातचं न राखता. तुझ्या त्या कोटिंगवाल्याला मात्र एकही नाही.

अनब्लॉक कधीच केलंय, पण हे फोनवर सांगितलं असतं तर तू हसला असतास. मला ते चालणार नाही, म्हणून पुन्हा कागद.

बरीच वर्षं टिकेल म्हणाला होता ना तो? कुठे आहेत ती वर्षं? मी रोज शाळेत शिकवायला जाते, त्याच गाडीवरून. पावसाळ्यात बुटाला रेती चिकटायची. आधी डाव्या कव्हरची चमक गेली. मग काळं पातळ झालं. परवा दसऱ्याला हार घालायला खाली वाकले, तर आतलं पांढरं माझ्याकडे डोळे वटारून बघतंय! इतका संताप झाला की हार हातातच राहिला. मी टाच टेकवतच नाही. भावेश म्हणतो टेकवतेस, सिग्नलला टेकवतेस, चढावर टेकवतेस आणि दारात गाडी बंद करून माझ्याशी भांडतेस तेव्हाही टेकवतेस. मी त्याच्यावर खेकसले, की गाडी माझी, टाच माझी, तू तुझा डबा घे आणि कामाला जा.

आत्या समोर तिच्या ओट्यावर मासळी साफ करत होती. तिचा हात थांबला आणि ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मला कळलं, मी काय बोलले ते. अंकुर, मी ते ठरवून नाही रे बोलले, तोंडातून गेलं. घळघळा रडायला आलं, आणि हार घातलेल्या गाडीसमोर अख्ख्या गल्लीदेखत रडतेय म्हणून त्याचाही राग आला.

मग आत्याकडून होडीचा निळा मागून घेतला आणि फासला. तो आज सकाळीच निघाला. बाबाही ना! इतकी वर्षं तोच रंग फासत बसले, एकदाही कोणाला विचारलं नाही की हा या धातूवर का बसत नाही. आणि माझी जागा त्यांच्या जागेवर पडलेलीच नाही, थोडी पुढे पडलीय. पाय लहान ना माझा. आत्ता कुठे लिंबाएवढी आहे.

तुला मी त्या बाकीच्या सगळ्या वारांबद्दल कधी काही विचारलं नाही. भाऊबीजेला दोन दिवस राहायला ये, मला ऐकायचंय सगळं, शर्टासकट. साडी-बिडी आणू नकोस. ओवाळणीत काळ्या रंगाचा डबा घाल, आणि आधी लावायचा प्रायमर. मात्र कव्हर खोलून परत रबाळ्याला न्यायची भाषा केलीस तर दारातूनच हाकलीन. पुरीएवढं व्हायला अजून खूप वर्षं लागतील, तोवर माझं मी रंगवीन.

लोभ आहेच, रागासकट सांभाळ.

तुझी,
ताई