मैनाला ते नाव कोणी शिकवलं?

६ फेब्रुवारी २००१, मंगळवार
मुलगा झाला. हिंगोलीत, सकाळी सव्वानऊला. वजन दोन किलो नऊशे. राधिका ठीक. तिच्या खाटेशेजारी बसून ही वही सुरू करतो आहे. यात फक्त लेकराचं वजन, झोप आणि दूध लिहायचं. मनातलं काही नाही. मनात काही नाहीच.

आमच्या लेकीच्या, मैनाच्या आधी, शहाण्णव साली, आम्हाला एक मुलगा झाला होता. तो सत्ताविसाव्या दिवशी गेला. मी ते केव्हाच विसरलो. त्याचं नाव घरात काढायचं नाही, असं मी तेव्हाच सगळ्यांना बजावलं होतं. पाच वर्षं कोणी काढलं नाही. शिस्त असली की सगळं जमतं.

९ फेब्रुवारी
डोंगरकड्याला घरी आलो. मैना अडीच वर्षांची. तिने भावाच्या पायाला बोट लावून पाहिलं आणि हे कवा जानार, असं विचारलं. आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. मी आईला समजावलं की या वयात मुलं असं विचारतातच. नंतर हातपाय धुतले. दोनदा. प्रवासाची धूळ.

१२ फेब्रुवारी
वजन तीन किलो. जनावरांच्या दवाखान्यातला, करडं तोलायचा स्प्रिंगचा काटा घरी आणला आहे (डेटॉलने धुऊन). मी पशुधन पर्यवेक्षक. नऊ वर्षांत किती करडं जगवली त्याची गणती नाही. आईचं म्हणणं, पोरगं काय बकरं हाय व्हय रामकिशन, तोलू नाय लेकराला, नजर लागते. मी तिला शास्त्र सांगितलं. ती काजळाची डबी घेऊन आली. तीट फार पुसट लावली होती, ती मी ठळक केली. केवळ नीटनेटकेपणासाठी.

१७ फेब्रुवारी
आज बारावा दिवस. बारसं पुढे ढकललं. आता १८ मार्चला. आईने काहून, असं विचारलं. शिवकन्याला सवड नाही, म्हणून सांगितलं. (शिवकन्या म्हणजे माझी धाकटी बहीण. नाव ठेवायचा मान आत्याचा.) शिवकन्याचा फोन आला की तिला सवडच सवड आहे. पण आता ठरलं ते ठरलं. सत्तावीस दिवस आधी पार पडू देत वगैरे असं काही माझ्या डोक्यात नाही.

१९ फेब्रुवारी
नवी व्यवस्था. दवाखाना दुपारी बंद असतो, तेव्हा बारा ते चार झोळी माझ्याकडे. राधिकेने झोपायचं. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली की हात मोकळे राहतात आणि वाचन होतं. मैना माझ्या शेजारी सतरंजीवर. आज मासिकाची चार पानं वाचायची ठरवली होती. अर्ध्या पानावर डोळा लागला.

२२ फेब्रुवारी
विचित्र प्रकार. मैनाने बिस्किटाचे तीन तुकडे केले. एक स्वतःला, एक झोळीत. तिसरा कोणाला, म्हणून विचारलं, तर तिने एक नाव घेतलं, पुढे दादा लावून. तेच नाव. मी इथे लिहीत नाही.

तिसरा तुकडा मी खाऊन टाकला. उरलेला पुडा फेकून दिला. बिस्किटं शिळी असावीत.

२३ फेब्रुवारी
तिचा जन्म अठ्ठ्याण्णवचा. तिला ते नाव कळणं शक्यच नाही. म्हणजे कोणीतरी शिकवलं. आईला स्पष्ट विचारलं. ती म्हणाली, माज्या गळ्याची आन, म्या न्हाई. मग शेजारच्या सुमनबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, बाप्पा, आमी कशाला काडावं ते नाव, आनी तुमी जरा जेवत जा, वाळून चाल्ले. विषय टाळतात. संशय पक्का.

२५ फेब्रुवारी
दुपारी जाग आली तर झोळी आपोआप हलत होती. मैना झोपलेली, बाकी घर सामसूम. पंखा बंद, लाईट गेलेली. कारण वारा. खिडकी लावून पुन्हा पडलो. जाग आली तर परत हलत होती. कारण अजून सापडलं नाही, पण कारण असतंच.

२७ फेब्रुवारी
मळ्यात बांधावरच्या वाटेने जाणं बंद केलंय. लांबून, ओढ्याकडून जातो. चालणं तब्येतीला चांगलं. बांधावर त्याला जिथे मातीत ठेवलं तिथे हल्ली गवत फार माजलं आहे, असं गडी सांगत होता. मी काही बघितलं नाही.

४ मार्च, रविवार
सत्ताविसावा दिवस. माझ्या हे लक्षातही नव्हतं. योगायोगाने सकाळी सहापासून झोळीजवळच बसून होतो. योगायोगाने आठ वेळा वजन घेतलं. शेवटी लेकरू चिडून लाल झालं आणि आईने काटा लपवून ठेवला. चार वाजता ते जरा जास्तच शांत झोपलं, तर मी त्याच्या तळपायाला टिचकी मारली. रडलं. फार सुंदर रडतं.

दिवस पार पडला. मी सांगितलं होतं ना, काही होत नाही.

८ मार्च
मैना आता झोळीतल्या लेकराला रोज त्याच नावाने हाक मारते. आज शेवटचा उपाय म्हणून राधिकेला खडसावून विचारलं, पोरीला हे कोण शिकवून राहिलं? तिने झोळीची दोरी माझ्या हातात दिली. मग आत गेली. मला तिची काळजी वाटते. तिने मनाला फार लावून घेतलं असावं. माझ्यासारखं सोडून देता येत नाही सगळ्यांना.

१८ मार्च, सकाळी नऊ
बारसं. चाळीस नावांतून एक निवडलं आहे: तेजस. नवीन आहे, सुटसुटीत आहे, घराण्यात कोणाचं नाही. शिवकन्यालासुद्धा सांगितलेलं नाही. ऐन वेळी सांगेन, सगळे चकित होतील. सुमनबाईंचा लाकडी पाळणा आणलाय. मन एकदम हलकं.

१८ मार्च, संध्याकाळी सात
पाळण्याभोवती बायका जमल्या. शिवकन्या वाकली आणि सांग म्हणून तिने मला खूण केली. मी पुढे होऊन तिच्या कानात नाव सांगितलं. ती वाकलेली तशीच राहिली. मग मान वर करून, दादा, काय म्हनलास, असं तिने विचारलं. मी मोठ्याने सांगितलं. शिवहार.

आत्याच्या पाठीवर बुक्के मारायला बायकांच्या मुठी वर गेल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. आईने पदर तोंडाला लावला. मला अजूनही वाटत होतं की मी तेजस म्हणालो. मैनाने टाळ्या वाजवल्या आणि ती म्हणाली, हां, शिवहारदादा.

राधिका पुढे आली. तिचा आवाज हलला नाही. शिवकन्याला म्हणाली, ताई, ह्याचं नाव प्रभू म्हना. शिवहार आपला आदीच झाला हाय, त्याचं नाव त्यालाच राहू द्या. शिवकन्याने पोराच्या कानात प्रभू म्हटलं. बुक्के कोणी जोरात मारले नाहीत.

जेवणं उरकल्यावर राधिकेने मला आत बोलावलं. म्हणाली, तुमीच शिकवलं मैनाला. रोज दुपारी डोळे मिटून झोळी हालवता आन् तेच नाव घेता. नीज शिवहार, नीज बाबा, म्हनता. सगळ्या घराला ठाऊक हाय. मला सांगवलं न्हाई. वाटलं, तेवढा येळ तरी त्याच्यासंगं जातो तुमचा. मग म्हणाली, पाच वरसं म्या एकटीच आठवून राहिले. आता तुमी बोला.

मी म्हणालो, मला काहीच आठवत नाही.

तेव्हा सव्वातीन वाजले होते. मग मी बोलायला लागलो. त्याच्या उजव्या कानामागचं दाट जावळ. भूक लागली की मूठ चोखायचा. शेवटच्या सकाळी त्याने माझं बोट धरलं होतं आणि एका शेळीसाठी बोलावणं आलं म्हणून मी ते सोडवून गेलो. हे मी कोणाला कधीच सांगितलं नव्हतं. शेळी वाचली. मी रडलो. राधिका रडली. आई उंबऱ्यात येऊन बसली, तीही रडली. साडेसहा वाजले तरी आम्ही बोलतच होतो.

तो शिंकायचा तेव्हा लागोपाठ तीनदा शिंकायचा, असं मी म्हणतो. राधिका दोनदाच म्हणते. यावर काही आमचं एकमत झालं नाही.