तीनच्या खेळाचं पाणी

अप्पा, काल वर्गात एका मुलीनं विचारलं, चित्रपट कशामुळं चालतो आणि कशामुळं पडतो. मी तिला तुमची गोष्ट सांगितली. औशातली आपली पत्र्याची टॉकीज, दुष्काळ, आणि तरीही तीन आठवडे चाललेला तो गंभीर चित्रपट. लोकांना चांगलं कळतं, फक्त दाखवणारा हवा, हे तुमचं वाक्यही सांगितलं. मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. घरी आले आणि जेवण गेलं नाही. तुम्ही ज्याच्या जोरावर ते वाक्य बोलायचात ते कधी घडलंच नव्हतं. हे आता फक्त मलाच माहीत आहे.

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. बदलून आलेले कारकून आणि साहेब औशापर्यंत दिसू लागले होते. "आता शिकलेलं पब्लिक आलंय, माय," तुम्ही मला म्हणायचात. पण पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. नांदेडच्या वितरकानं निरोप धाडला होता, महिनाभर असंच राहिलं तर पेटी बंद. रिळांची पेटी नांदेडहून एस.टी.नं यायची. ती आली नाही तर टॉकीज म्हणजे नुसतं गोदाम. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला आहात, कपाळावरची विभूती घामानं ओघळली आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विचारता, "तू शिकलीस. सांग, काय लावू?"

मी तेव्हा एम. ए. करत होते. एका मासिकात त्या चित्रपटावरचा लेख वाचला होता. कोरडी विहीर, गाव सोडून जाणारी माणसं. मी म्हणाले, स्वतःचं जगणं पडद्यावर दिसलं की लोक येतात. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "घरचं रडगाणं बघायला तिकीट काढतंय व्हय कुनी?" तुम्ही तिला गप्प केलंत.

पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला बायकांची बाजू भरली. बायकांची बाजू भरली की पिच्चर चाललं, हा तुमचा नियम. तिकिटाच्या खिडकीतून तुम्ही येईल त्याला सांगत होतात, "माझ्या लेकीनं निवडलंय." आपल्याकडं आजोबांपासूनचा रिवाज होता. तिकीट फाडलं की तो पाहुणा, आणि पाहुण्याला आधी पाणी. दारात दोन मोठे रांजण असत. त्या उन्हाळ्यात गावात टँकर चार-चार दिवसांनी येई, पण रांजण तुम्ही कोरडे पडू दिले नाहीत. खेळ सुरू झाला की गाडीला बैल जुंपून, पिंपं घेऊन, काकांच्या मळ्यातल्या विहिरीवर स्वतः जायचात आणि खेळ सुटता सुटता परत यायचात. म्हणून त्या उन्हाळ्यात मध्यंतरानंतरची टॉकीज तुम्ही पाहिलीच नाही.

मध्यंतराचा दिवा लागतो. बायका पदराखालून तांबे, बरण्या, तेलाचे रिकामे डबे काढतात, रांजणाशी रांग लावतात आणि भरून घरी निघतात. सकाळभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बायका. टँकरपुढं भांडण्यापेक्षा सगळ्यात स्वस्त तिकीट त्यांना परवडत होतं, शिवाय पंख्याखाली दीड तास टेकायला मिळे.

"ती हिरवीन बी पान्यालाच निघाली की गं," एक म्हणते.

"तिला म्हणावं, कशाला वनवन फिरतीस, औशाच्या टाकीजला ये."

सगळ्या हसतात. बायकांच्या दारावरची मावशी मला बाजूला घेते. "लेकी, अप्पाला सांग. ह्या बायका पिच्चरला न्हाई, रांजनाला येत्यात."

"नका सांगू, मावशी. किती आनंदात आहेत ते."

"म्हनूनच सांग. उद्या पानी सरलं म्हंजी?"

मी सांगितलं नाही. तुमच्या आनंदासाठी नव्हे. खिडकीतून ऐकू येणारं ते 'माझ्या लेकीनं निवडलंय' मला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात वितरकानं मारामारीचा एक चित्रपट देऊ केला. तुम्ही मला विचारलंत. मी नको म्हणाले. तुम्ही नांदेडला जाऊन मी सांगितले तसलेच दोन ठरवून आलात, आणि मारामारीचा लातूरला गेला. तिथं त्याला रांगा लागल्या. इथं आठ दिवसांत काकांच्या विहिरीचा तळ लागला. तुम्ही रिकामी पिंपं घेऊन परत आलात. दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला बायकांच्या बाजूला मावशी एकटी बसली होती.

"पिच्चर तर तसलंच हाय की. काय चुकलं, माय?"

तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "लोकांना कळत नाही, अप्पा."

तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढा एकदाच. "गिऱ्हाइकाला नावं ठेवायची न्हाईत. त्यायला कळतंय. आपल्यालाच दाखवता आलं न्हाई."

महिन्यात पेटी बंद झाली. पुढं गुडघे साथ देईनात तोवर तुम्ही लातूरला दुसऱ्याच्या टॉकीजच्या दारात तिकिटं फाडलीत. येणाऱ्याला ते तीन आठवडे सांगायचात. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही सांगितलेत. मी तिथंच स्टुलावर बसून मान हलवत होते. मावशीचं ऐकून वेळेत बोलले असते तर तुम्ही मारामारीचा चित्रपट घेतला असता, आणि रांजण कोरडे पडूनही टॉकीज तगली असती. या 'असती'पाशी मी रोज येते. पुढं काही नाही.

हे पत्र कुठं टाकू? उद्या त्याच वर्गावर तास आहे. फळ्यापुढं उभं राहून खरं सांगेन असं वाटत नाही. तुमच्यापुढं तरी सांगते. तो चित्रपट मी अजून शेवटपर्यंत पाहिलेला नाही. मध्यंतराला मीही आपल्या घरची कळशी भरायचे आणि त्या बायकांच्या मागोमाग निघून जायचे.