हाताखालचा हात

२९ डिसेंबर

पोचले एकदाची! मी सांगलीची, समाजकार्य शिकायला गेले मेलबर्नला, आणि विद्यापीठानं ‘परदेशातला अनुभव’ घ्यायला पाठवलं कुठं, तर काशीला. आईला फोनवर सांगितलं तर तिला हसू आवरेना. म्हणाली, तुझ्या या परदेशात मला रेल्वेचं तिकीट काढून येता येईल.

ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत विशेष मुलांची ही छोटीशी शाळा आहे. ती चालवणाऱ्या इरावतीताई इथल्याच, कित्येक पिढ्यांपासूनच्या मराठी. मराठी घरचंच, पण त्यात निम्मी हिंदी. मी बॅग टेकवते न टेकवते तोच म्हणाल्या, आधी चाय पी, सामान नंतर खोल, आणि खिडकी बंद ठेव, बंदर साबण पळवतात. माझी खोली शाळेच्या वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून गंगा दिसते म्हणे; मला नुसतं धुकं दिसलं. मंगला गौरीच्या देवळातली घंटा मात्र अगदी कानाशी वाजते. मी भलतीच खूश आहे.

३० डिसेंबर

माझ्याकडे बकुळ सोपवली आहे. आठ वर्षांची, दोन वेण्यांची. जन्मापासून तिला ना दिसत, ना ऐकू येत. गजकचा, म्हणजे इथल्या तिळाच्या वडीचा, वास आला की नाक वर करून ऐटीत बसते, आणि मिळेपर्यंत हलत नाही. आमचं जमणार!

तिच्याशी वागायचे नियम इरावतीताईंनी शिकवले. तिचा हात धरून कधी ओढायचा नाही. आपला हात तिच्या हाताखाली सरकवायचा आणि थांबायचं. मग तिची बोटं आपल्या हातावर बसून फिरतात आणि ताट, नळ, दार, सगळं शिकतात. प्रत्येकाची एक ओळखखूण असते. इरावतीताईंची अंगठी, ती चाचपली की कोण आलं ते बकुळला कळतं. पाणी म्हणजे तळव्यावर बोटांनी टपटप. आणि जाताना निरोप द्यायचाच, कोपरापासून बोटांपर्यंत हलकेच हात फिरवून. नाहीतर तिच्या लेखी आपण गेलेलोच नसतो. बिचारी हात पुढे करून बसून राहते. तू पण आपली एखादी खूण ढूंढ, असं त्यांनी मला बजावलं.

२ जानेवारी

इरावतीताई पौष पौर्णिमेच्या स्नानाला प्रयागला गेल्या आहेत. इकडे मला खूण सापडली. खेळण्यांच्या कपाटात, पार मागे, खिळ्याला एक लाकडी कडं लटकत होतं. एका जागी चीर गेलेलं, पण माझ्या मनगटावर चपखल बसलं. बकुळची बोटं त्या चिरेवर गेली मात्र, पोरगी खिदळायलाच लागली. गळ्यात पडली. माझ्या तळव्यावर टपटप, टपटप. मी पाण्याचा पेला दिला तर तो ढकलून दिला आणि दाराकडे वळली. तिला काय हवं ते कळलं नाही, पण इतक्यात एवढी माया! माझे पाय जमिनीवर नाहीत.

४ जानेवारी

बकुळचा स्वेटर आणायला आत गेले होते. परत आले तर ती दाराशी उभी. दोन्ही हात पुढे, तळवे खाली, हवेत. आणि ते हात हलत होते, कुणाच्या तरी हातांवर ठेवल्यासारखे. तिची बोटं पुढे सरकली, त्यांनी एक गोल चाचपला, एका जागी थांबली. मग ती हसली.

कडं माझ्या मनगटात होतं.

५ जानेवारी

इरावतीताई आल्या. कडं बघितलं आणि माझं मनगटच धरलं.

ते मुक्ताताईंचं. बकुळच्या आधीच्या शिक्षिका. रोज तिला घाटावर नेऊन पाण्यात हात बुडवू द्यायच्या. गेल्या भाद्रपदात गंगा चढलेली असताना बकुळला वरच्या पायरीवर बसवून त्या खाली पाण्याचा अंदाज घ्यायला गेल्या आणि घसरून बुडाल्या; पायरीवर मागे राहिलं ते एवढं कडं. लोक धावत आले तेव्हा पोर हात पुढे करून बसलेली होती. पुढे मुक्ताताईंच्या वतीनं तिला निरोपाची खूण कुणी दिलीच नाही. हिंमतच नाही झाली गं, असं म्हणत इरावतीताई रडायला लागल्या.

म्हणजे बकुळच्या लेखी मुक्ताताई गेलेल्याच नाहीत. हवेतल्या हातांचं मी सांगितलं नाही.

७ जानेवारी

दाट धुकं. माझी पाठ वळली तेवढ्यात बकुळ नाहीशी. घाटावर धावले. एरवी भिंत चाचपत चालणारी पोर सरळ पायऱ्या उतरत होती. हात पुढे, तळवे खाली. अगदी शेवटच्या पायरीवर तिला कवटाळलं. समोरून कुणी ओढत नव्हतं. पण तिचे हात सुटेनात. पाय कोरडे, आणि बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

मी घाबरले आहे. फार घाबरले आहे. पण ही पोर मी जाऊ देणार नाही. उद्या तिला मुक्ताताईंचा निरोप द्यायचा.

८ जानेवारी

कडं घालून बकुळसमोर बसले. कोपरापासून बोटांपर्यंत हात फिरवला. ती थिजली. मग असा हंबरडा फोडला— असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. इरावतीताईंनी तिला पोटाशी धरलं.

कडं गंगेत सोडलं. लाकडी, पण तरंगलं नाही. दगडासारखं गेलं.

संध्याकाळी बकुळनं मागून घेऊन गजक खाल्ली. माझी नवी खूण, घड्याळाचा पट्टा, तिला लगेच पटली. हात मांडीवर, शांत. सुटली पोर.

९ जानेवारी

बकुळ बरी आहे. मी—

मंगला गौरीची घंटा आज वाजली नाही. इरावतीताईंना विचारलं. त्यांचे ओठ हलले. नुसते ओठ.

दुपारी अंथरुणावर हात टेकला. खाली हात होता. थंड, ओला. ओढत नाही. नियम पाळते ती. नुसता सरकवते, आणि थांबते.

माझी बोटं आपोआप त्या हाताच्या मनगटाकडे गेली. कडं. चीर.

१० जानेवारी

खिडकीत धुकं. खोलीतही. पानावरही— दिसत नाही, अंदाजानं लिहिते. डावा हात तिच्या हातावर.

मी निरोप दिला. पुन्हा दिला. ती जात नाही. बकुळ सुटली, तिचे हात रिकामे झाले, आणि आता—

मला हात काढून घेता येईल. पण मग ही खाली जाईल. बकुळकडे. नाही. तिकडे नाही.

तळव्यावर टपटप. टपटप.

उठवते आहे. फरशी ओली लागते—

खाली बकुळ हात पुढे करून बसली असेल. घड्याळाचा पट्टा शोधत. तिला निरोप दिलाच नाही मी. कुणीतरी तिला—